कोन मोजायचा कसा, काढायचा कसा

कोनमापकावर प्रत्येक मोठ्या रेघेपाशी दोन आकडे छापलेले असतात. एका रेघेवर ५० आणि १३०, दुसरीवर ७० आणि ११०. नवशिक्यांची गाडी अडते ती इथेच, आणि मुलांना शिकवायला बसलेल्या आईबाबांचीही. मग कुणीतरी ‘आतलं माप वाचायचं’ किंवा ‘बाहेरचं वाचायचं’ असा नियम पाठ करून देतं. कोन दुसऱ्या बाजूला उघडला की तोच नियम दगा देतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी एकच सवय लावते: आधी डोळा, मग कोनमापक. समोरचा कोन काटकोनापेक्षा लहान की मोठा, हे तोंडाने सांगितल्याशिवाय साधनाला हात लावायचा नाही.
“आजी, हा एकशे तीस की पन्नास?”
“तूच सांग. वहीच्या कोपऱ्यापेक्षा मोठा दिसतोय का लहान?”
“मोठा.”
“मग पन्नास कसा असेल?”
एवढ्यात काम होतं. खाली जे काही सांगितलं आहे त्याच्या मुळाशी हीच सवय आहे. उदाहरणं मात्र आमच्या बडोद्याची घेतली आहेत, कारण ती रोज नजरेसमोर असतात.

मोजायचं काय असतं?

एका बिंदूतून दोन किरण निघाले की कोन होतो. तो बिंदू म्हणजे शिरोबिंदू आणि ते किरण म्हणजे कोनाच्या भुजा. ∠अबक असं लिहिलं तर मधलं अक्षर ‘ब’ नेहमी शिरोबिंदूचं. आपण मोजतो ते एका भुजेपासून दुसऱ्या भुजेपर्यंतचं वळण. भुजा किती लांब काढल्या आहेत याचा मापाशी काहीच संबंध नाही. कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळाचे काटे केवढे मोठे, आणि मनगटावरच्या घड्याळाचे केवढेसे! पण तीन वाजले की दोन्हीकडे काट्यांमधला कोन ९०° च. लहान मुलांना लांब भुजांचा कोन मोठा वाटतो, ही समजूत आधी घालवावी लागते. एकच कोन दोनदा काढून द्या, एकदा आखूड भुजांचा आणि एकदा लांब भुजांचा, आणि दोन्ही मोजायला लावा.

एका पूर्ण फेरीचे ३६० भाग केले की एक भाग म्हणजे एक अंश. ही पद्धत साठाच्या पटीत मोजणाऱ्या प्राचीन बॅबिलोनियन लोकांपासून चालत आली, आणि टिकली ती सोयीची असल्यामुळे. ३६० ला निःशेष भाग जाणारे तब्बल २४ आकडे आहेत, त्यामुळे अर्धा, तिसरा, पाचवा, आठवा कुठलाही हिस्सा पूर्णांकात येतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६° वळतो, तासकाटा फक्त अर्धा अंश. आता सांगा, साडेतीन वाजता दोन काट्यांमध्ये किती अंश? बहुतेक जण ९० म्हणतात. पण तोवर तासकाटा तीनवरून निम्मा पुढे सरकलेला असतो, म्हणून उत्तर ७५°. जेवणाच्या ताटावर विचारायला हा चांगला प्रश्न आहे.

नावं झटकन सांगते. ९०° पेक्षा कमी तो लघुकोन, बरोबर ९०° तो काटकोन, ९०° ते १८०° च्या मधला विशालकोन, १८०° चा सरळकोन, आणि १८०° च्या पुढे ३६०° च्या आत प्रविशालकोन. घरात मराठी आणि शाळेत गुजराती असेल तर काटकोन, लघुकोन ओळखू येतात, पण विशालकोनाला पुस्तकात ‘गुरुकोण’ आणि कंपासला ‘परिकर’ म्हटलेलं असतं. पालकांनी तेवढं ध्यानात ठेवलं तर गृहपाठाच्या वेळी वाद होत नाहीत.

डोळा तयार करायला गावासारखी दुसरी शाळा नाही. मांडवीच्या चौकात उभं राहिलं की पाणीगेट, लहरीपुरा, चांपानेर दरवाजा आणि गेंडीगेट अशा चार दिशांना रस्ते जातात. शेजारच्या दोन रस्त्यांमध्ये ढोबळमानाने काटकोन, समोरासमोरच्या दोघांमध्ये सरळकोन. घरी बसून करायचं तर कुठल्याही कागदाचा कोपरा घ्या, तो काटकोनच असतो. तो तिरका दुमडून एक कड दुसरीवर बसवा, ४५° तयार. हे दोन कोन नजरेत भरले की बाकीचे त्यांच्या आजूबाजूला बसवता येतात: ‘४५ पेक्षा थोडा कमी, म्हणजे ४० च्या आसपास’.

पेटीत काय बघून घ्यायचं

कंपासपेटी म्हटलं की आपण पेटीवरचं चित्र बघून घेतो. खरं तर पेटी उघडून आतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघावी. दुकानदार नाराज झाला तर होऊ दे.

कोनमापक पारदर्शक हवा, म्हणजे खालची रेघ दिसते. मध्यबिंदूपाशी बारीक अधिक चिन्ह किंवा छोटं छिद्र स्पष्ट असावं. शून्याची रेघ कुठे आहे ते मात्र नीट बघा. बहुतेक कोनमापकांत ती अगदी खालच्या कडेवर नसते, कडेपासून काही मिलिमीटर वर असते. खालची कड भुजेवर बसवून मोजणं ही मी पाहिलेली सगळ्यात सार्वत्रिक चूक. त्यात मध्यबिंदू शिरोबिंदूवरून सरकतो आणि माप चार-पाच अंशांनी सुद्धा चुकू शकतं.

कंपास धातूचा घ्या. त्याची वरची घडी घट्ट हवी. उघडून टेबलावर ठेवला आणि पाय आपोआप सरकले तर तो परत करा, कारण पुढे येणाऱ्या सगळ्या रचना ‘अंतर न बदलता’ या तीन शब्दांवर उभ्या आहेत. कंपासात पेन्सिलीचा छोटा तुकडा घाला आणि तिचं टोक सुईच्या टोकाशी समपातळीत आणा. दोन टोकदार पायांचं ते दुसरं साधन, कर्कटक, कोनांच्या कामात फारसं लागत नाही. पट्टीवरचं अंतर उचलून कागदावर ठेवायला ते बरं.

गुण्ये दोन असतात. एकाचे कोन ३०°, ६०°, ९०° आणि दुसऱ्याचे ४५°, ४५°, ९०°. पट्टीची कड खाचा न पडलेली असावी. पट्टीवर ब्लेड चालवून कागद कापणाऱ्या घरात भूमितीसाठी वेगळी पट्टी ठेवा.

आता पेन्सिल. इथे थोडं थांबते, कारण लोक पेन्सिलीला साधन समजत नाहीत. शिरोबिंदूपासून ५ सेंटिमीटरवर, म्हणजे नेहमीच्या कोनमापकाच्या कडेशी, एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. तुमच्या बोथट पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तर त्या रेघेच्या जाडीतच अर्ध्या अंशाहून जास्त माप गडप होतं. कोनमापकाचा मध्य शिरोबिंदूपासून एक मिलिमीटर हलला तर एका अंशाहून थोडी जास्त चूक होऊ शकते. मुलाचं उत्तर ६२ आलं आणि पुस्तकात ६० असलं, तर हिशोबाआधी पेन्सिलीचं टोक बघा. एच किंवा दोन एच पेन्सिल, टोक केलेली, आणि हलका हात.

कोन मोजणं

क्रम असा ठेवा.

१. अंदाज करा आणि तो वहीत बारीक अक्षरात लिहा. ‘लघुकोन, ६० च्या आसपास’ एवढं पुरे.

२. भुजा कोनमापकाच्या वळणदार कडेपर्यंत पोचतात का बघा. पोचत नसतील तर पट्टीने पुसट रेघ ओढून वाढवा. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या बहुधा इवल्याशा असतात. पुस्तकात रेघा ओढायच्या नसतील तर एखाद्या कागदाची सरळ कड त्या भुजेवर ठेवा, तीच वाढलेली भुजा समजा.

३. कोनमापकाचा मध्यबिंदू शिरोबिंदूवर ठेवा. त्यावर बोट दाबून धरा. आता कोनमापक हलेल तो फक्त त्या बिंदूभोवती फिरेल.

४. तसाच फिरवत शून्याची रेघ एका भुजेवर आणा. कुठल्याही भुजेवर चालेल. उजव्या हाताने काम करणाऱ्यांना उजवीकडची भुजा सोपी, डावखुऱ्यांना डावीकडची. डावखुऱ्या मुलाला उजवीकडूनच मोजायला लावू नका.

५. त्या भुजेवर जिथे शून्य आहे तिथून बोट ठेवून मोजत निघा: शून्य, दहा, वीस, तीस… दुसरी भुजा येईपर्यंत. शून्यापासून जी ओळ निघाली तीच ओळ शेवटपर्यंत. आतली की बाहेरची, हे लक्षात ठेवायची गरजच नाही.

६. डोळा अगदी वरून, सरळ रेघेवर आणा. बाजूने बघितलं तर प्लॅस्टिकच्या जाडीमुळे आकडा सरकलेला दिसतो.

७. आलेलं माप पहिल्या अंदाजाशी ताडून बघा. अंदाज लघुकोनाचा आणि उत्तर ११८ असं झालं तर ओळ चुकली. खरं उत्तर ६२.

खात्री करायची असेल तर शून्य दुसऱ्या भुजेवर बसवून पुन्हा मोजा. दोन मापांत एक अंशाचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर कुठेतरी मध्यबिंदू सरकला आहे. शाळेच्या कोनमापकावर सगळ्यात लहान भाग एका अंशाचा असतो, तेव्हा अर्धा अंश फार तर नजरेने सांगता येईल. ‘६२.३°’ असं कुणी लिहिलं तर तो आकडा साधनातून आलेला नाही.

याच संदर्भात एक गोष्ट शिक्षकांनाही सांगाविशी वाटते. त्रिकोणाचे तीन कोन मोजून बेरीज करायला दिली की मुलं दोन मोजतात आणि तिसरा १८० मधून वजा करून लिहितात. बेरीज सुरेख येते आणि प्रयोगाचा जीव जातो. १७९ किंवा १८१ आलं तर ते तसंच लिहू द्या. प्रामाणिक मोजमापाची हीच खूण.

प्रविशालकोनाला घाबरायचं कारण नाही. आधी आकृतीतला छोटा कंस कुठल्या बाजूला काढला आहे ते बघा, कारण त्याच दोन भुजांच्या एका बाजूला लहान कोन असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रविशाल. अर्धवर्तुळाकार कोनमापकाने लहान बाजू मोजा आणि ३६० मधून वजा करा. लहान बाजू १३०° तर प्रविशालकोन २३०°. दुसरी रीत अशी की एक भुजा शिरोबिंदूच्या मागे सरळ वाढवायची. तिथपर्यंत १८० झाले. त्यापुढचे किती ते मोजून मिळवायचे: १८० अधिक ५०, पुन्हा २३०. दोन्ही रीतींनी एकदा करून बघावं.

दिलेल्या मापाचा कोन काढणं

समजा ७५° चा कोन हवा. पट्टीने किरण बक काढा, सहा-सात सेंटिमीटर तरी लांब. कोनमापकाचा मध्य ‘ब’ वर आणि शून्याची रेघ बक वर. ‘क’ च्या बाजूच्या शून्यापासून मोजत ७५ पर्यंत जा आणि कडेला लागून पेन्सिलीने बारीक टिंब द्या. टिंब म्हणजे टिंबच, गोळा नको. कोनमापक उचला, ‘ब’ पासून त्या टिंबातून जाणारी रेघ ओढा, तिच्यावर ‘अ’ लिहा. झाला ∠अबक. कोपऱ्यात छोटा कंस काढून ७५° लिहा.

रेघ ओढताना पट्टी दोन्ही बिंदूंना चिकटवून ठेवली तर पेन्सिलीची जाडी बाजूला सरकते. पट्टी केसभर अलीकडे ठेवा, म्हणजे टोक बरोबर बिंदूंवरून जाईल. काढून झाल्यावर परत नजर टाका: ७५ म्हणजे काटकोनाहून थोडा लहान. तसा दिसतो ना? १०५ काढून बसलेली मुलं या एका नजरेत सापडतात.

२३०° काढायचा तर ३६० मधून वजा करून १३०° चा काढा आणि कंस बाहेरच्या बाजूने दाखवा.

कोनमापक नसताना: कंपास आणि पट्टी

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. इथे आकडे वाचायचे नाहीत, त्यामुळे वाचण्यात चुकायचं भयही नाही.

६०° पासून सुरुवात. किरण बक काढा. कंपास पाचेक सेंटिमीटर उघडा, फार कमी नको, कारण लहान त्रिज्येत बारीकशी चूकही मोठी होते. टोक ‘ब’ वर ठेवून एक लांब कंस काढा. तो बक ला जिथे छेदतो तो बिंदू प. आता अंतर न बदलता टोक ‘प’ वर ठेवा आणि पहिल्या कंसाला छेद द्या, तो बिंदू फ. ब आणि फ जोडा. ∠फबक बरोबर ६०°. का? बप, बफ आणि पफ ही तिन्ही अंतरं कंपासाच्या एकाच मापाची आहेत, म्हणजे त्रिकोण समभुज झाला, आणि समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०°. हे कारण कळलं की रचना पाठ करावी लागत नाही.

तसंच अंतर ठेवून टोक ‘फ’ वर न्या आणि कंसाला पुढे अजून एक छेद द्या, बिंदू भ. ∠भबक झाला १२०°.

आता दुभाजक. कुठल्याही कोनाचे दोन सारखे भाग करायचे तर शिरोबिंदूवरून कंस काढून दोन्ही भुजांवर एकेक छेद घ्या. त्या दोन छेदांवर आळीपाळीने टोक ठेवून, एकाच अंतराने, कोनाच्या आत दोन कंस काढा. ते जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू शिरोबिंदूशी जोडा. हाच कोनदुभाजक. ही एक रचना हातात बसली की दार उघडलं: ६०° चा दुभाजक ३०°, त्याचा १५°. ६०° आणि १२०° च्या मधोमध ९०°. ९०° चा अर्धा ४५°, त्याचा अर्धा साडेबावीस. ६०° आणि ९०° च्या मध्ये ७५°, ९०° आणि १२०° च्या मध्ये १०५°. कागदावर हे सगळे एकाच ‘ब’ पासून काढून बघा, प्रत्येक किरणावर माप लिहा. पान भरतं आणि सुंदर दिसतं.

मुलं मग हमखास विचारतात, “२०° चा काढून दाखवा ना.” म्हणजे ६०° चे तीन सारखे भाग. ते नुसत्या कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने होत नाही. कुणाला जमलं नाही एवढंच नाही, तर ते होऊच शकत नाही, हे प्येर वाँत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केलं. पूर्ण अंशांतले जे कोन ३ च्या पटीत आहेत तेवढेच या दोन साधनांनी काढता येतात. ३६° आणि ७२° जमतात (पंचकोनाच्या वाटेने, जरा लांबची रचना आहे), २०°, ४०°, ५०° नाहीत. त्यांच्यासाठी कोनमापक.

कोन उतरवून घेणं ही अजून एक उपयोगाची रीत आहे. मूळ कोनाच्या शिरोबिंदूवरून कंस काढा, दोन्ही भुजांवर छेद येतील. त्याच अंतराने नव्या किरणाच्या टोकावरून तसाच कंस काढा. मूळ कोनातल्या दोन छेदांमधलं अंतर कंपासात घ्या, नव्या कंसावर किरणाच्या छेदापासून तेवढंच अंतर कापा आणि जोडा. किती अंशांचा आहे हे माहीत नसतानाही कोन जसाच्या तसा येतो. रांगोळी किंवा भरतकामाचा नमुना दुसऱ्या कापडावर न्यायचा असेल तेव्हा हे कामी येतं.

साधनाची परीक्षाही कंपासानेच करा. कंपासाने ६०° आणि ९०° काढा आणि तुमच्या कोनमापकाने मोजा. एक अंशापेक्षा जास्त फरक येत राहिला तर कोनमापक बदला. काही जण सरळ रेघेवर तिरका किरण काढून, कोनमापक न हलवता दोन्ही बाजूंचे कोन वाचतात आणि बेरीज १८० आली की खूश होतात. ती येणारच, छापलेले दोन आकडे तसेच जोडून दिलेले असतात. त्याने कोनमापक बरोबर आहे हे कळत नाही.

गुण्ये

गुण्यांनी काटकोन, लंब आणि समांतर रेषा झटपट येतात, आणि दोन गुण्ये एकमेकांना लावून १५ च्या पटीतले सगळे कोन. ४५ आणि ३० शेजारी ठेवले की ७५. ६० आणि ४५ म्हणजे १०५. ९० आणि ४५ म्हणजे १३५. ४५ मधून ३० वजा करायचे तर एक गुण्या दुसऱ्यावर ठेवायचा, उरतात १५. समांतर रेषांसाठी गुण्याची एक कड रेघेवर, दुसऱ्या कडेला पट्टी घट्ट धरून गुण्या पट्टीवरून सरकवायचा. पट्टी हलली तर सगळं वाया.

गुण्याचा काटकोन खरा आहे का, हे ओळखायची जुनी युक्ती आहे. पट्टीला लावून एक लंब काढा. मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूवर दुसरा लंब काढा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. त्यांच्यात फट दिसली तर खरी चूक त्या फटीच्या निम्मी. उलटून घेतलं की चूक दुप्पट दिसते, म्हणून डोळ्याला सापडते. सुतार आणि गवंडीही आपला मोठा गुण्या असाच पारखतात.

खोलीत फरशी बसवताना तर एवढासा गुण्या पुरत नाही. तिथे ३-४-५ चा हिशोब. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. पाचाहून कमी भरलं तर कोन ९०° पेक्षा लहान, जास्त भरलं तर मोठा. खोली मोठी असेल तर ६-८-१० घ्या, चूक अधिक स्पष्ट दिसते.

उत्तरायणला अगाशीवर

चौदा जानेवारीला, संक्रांतीच्या पतंगांसाठी, सगळं बडोदं अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतं, तेव्हा कोनमापकही वर न्या. त्याच्या मध्यबिंदूपाशी एक धागा बांधा आणि धाग्याच्या टोकाला नट किंवा एखादं लहान वजन. सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा. कोनमापक वळणदार बाजू खाली करून धरा आणि स्ट्रॉमधून समोर, क्षितिजाकडे बघा: धागा ९० वर लटकेल. आता स्ट्रॉमधून पतंग बघा. धागा ९० वरून जितके अंश सरकला तितका पतंगाचा उंचीचा कोन. बघणाऱ्याने स्ट्रॉ हलवायची नाही, आकडा दुसऱ्याने वाचायचा. सूर्याकडे मात्र स्ट्रॉमधून कधीही बघायचं नाही, आणि हे मुलांना दोनदा सांगायचं.

समजा कोन ५०° आला आणि फिरकीतून १०० मीटर दोरी सोडली आहे. वहीत १ सेंटिमीटरला १० मीटर असं प्रमाण घ्या. आडवी रेघ काढा, तिच्याशी ५०° करून १० सेंटिमीटरची रेघ काढा, आणि तिच्या टोकावरून गुण्याने खाली लंब टाका. लंब मोजा: साधारण ७.७ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या हातापासून पतंग सुमारे ७७ मीटर वर. दोरीला थोडा झोल असतोच, त्यामुळे खरी उंची याहून जरा कमी.

त्याच दिवशी सूर्याचा कोन सावलीवरून काढता येतो. अगाशीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा, गुण्याने दोन बाजूंनी तपासा. आमच्याकडे जानेवारीच्या मध्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमाराला. भारताची प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची आणि बडोदा त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून हा उशीर. त्या वेळी सावली सगळ्यात आखूड असते, जवळजवळ ९५ सेंटिमीटर. वहीत काटकोन काढून एका भुजेवर १० सेंटिमीटर (काठी) आणि दुसरीवर ९.५ (सावली) घ्या, टोकं जोडा, आणि सावलीच्या टोकाचा कोन मोजा. ४६° च्या आसपास येईल.

हाच प्रयोग २१ मार्चच्या सुमाराला पुन्हा करा. सावली ४१ सेंटिमीटरच्या जवळ भरेल आणि कोन ६८° च्या जवळ. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे ९० मधून हा कोन वजा केला की थेट बडोद्याचे अक्षांश मिळतात: २२ च्या थोडे पुढे. ॲटलासमध्ये काढून बघा. २१ जूनला तर सावली जवळपास नाहीशी होते आणि उरलीसुरली दीड-दोन सेंटिमीटर दक्षिणेकडे पडते, कारण बडोदा कर्कवृत्ताच्या किंचित खाली आहे. पण तेव्हा ढग असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून मार्चचा दिवस धरा.